शुक्रवारी लपवलेली पट्टी

रविवार, १८ जानेवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. लोणावळ्यात वळवणच्या वरच्या अंगाला असलेल्या एका भाड्याच्या बंगल्यात मागच्या बाथरूमचे दार पहारीने उचकटण्यात आले. आत सृष्टी नावाची सव्वीस वर्षांची तरुणी फरशीवर पडलेली होती. शॉवर सुरू होता आणि भिंतीवरचा गॅस गिझर पेटलेला होता. मित्राच्या गाडीतून तिला रुग्णालयात नेले. सव्वाआठला डॉक्टरांनी सांगितले की ती आधीच मरण पावली होती. बंद जागेत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू, असे प्राथमिक अहवाल म्हणतो.

दार उचकटणारा माणूस म्हणजे बंगल्याचा केअरटेकर गोरख. वय एक्कावन्न. गाव कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अकरा वर्षे तो आणि त्याची बायको भागुबाई बंगल्यामागच्या खोलीत राहत होते. मंगळवारी त्याला अटक झाली. आरोप दोन होते. एक, धोका माहीत असूनही काही केले नाही. दोन, मृत्यूनंतर स्वतःला वाचवण्यासाठी खोटा पुरावा तयार केला.

दुसरा आरोप एका वेबपेजवरून आला.

हे पेज पाहुण्यांसाठी होते. बंगल्याच्या दारावर चिकटवलेला चौकोनी कोड मोबाईलने टिपला की ते उघडे. वायफायचा पासवर्ड, जेवणाच्या वेळा, गाडी कुठे लावायची, सगळे त्यावर. सर्वांत वर एक लाल पट्टी असे आणि तिच्यात त्या दिवसाची सूचना. टँकर उशिरा येईल, लाइट जाणार आहे, असे काही. ही सूचना गोरख आपल्या मोबाईलवरून लिही. त्यासाठी एक साधा फॉर्म होता, त्यात एक रकाना आणि 'जतन करा' असे एक बटण. पेज आणि फॉर्म तळेगाव स्टेशनजवळच्या एका छोट्या कंपनीने केला होता. कंपनीत तीन माणसे. मालक राजेंद्र, काम करणाऱ्या दोघी चैताली आणि प्रेरणा. बंगल्याचे काम चैतालीकडे होते. ती वराळ्याची, वय सत्तावीस.

गोरखच्या म्हणण्याप्रमाणे बुधवारी भागुबाई गिझर लावून मागचे बाथरूम धूत होती आणि तिला भोवळ आली. एसीचा पाइप घालताना तिथला झरोका प्लायवुडने बंद केला होता. त्याने बाणेरला बंगल्याचे मालक गौरव यांना फोन केला. सोमवारी प्लंबर पाठवतो, तोवर पेजवर टाक, असे उत्तर मिळाले. गौरव यांनी हा फोन झाल्याचे मान्य केले आहे, पण गिझरबद्दल बोलणे झाले नाही, नळाबद्दल झाले, असे ते म्हणतात.

गुरुवारी संध्याकाळी गोरखने फॉर्ममध्ये लिहिले: 'मागच्या बाथरूमचा गिझर लावू नये. जिवाला धोका आहे. पुढचे बाथरूम वापरावे.'

गिझर बंद करण्याचे दुसरेही मार्ग होते. दोन्ही बाथरूमना सिलिंडर एकच होता, तो बंद केला असता तर पुढेही गरम पाणी आले नसते. पण मागच्या गिझरच्या खालच्या खणातले दोन सेल काढले असते तर तो पेटलाच नसता. सेल का काढले नाहीत, असे पोलिसांनी विचारले. त्याने उत्तर दिले नाही.

तोंडी का सांगितले नाही, याचे उत्तर मात्र त्याने दिले. डिसेंबरात एका कुटुंबाने बुकिंगच्या साइटवर लिहिले होते की केअरटेकर सारखा सूचना द्यायला येतो, मोकळेपणा मिळत नाही. त्यानंतर गौरव यांनी नियम घालून दिला होता. किल्ली द्यायची आणि मागे जायचे. सांगायचे ते पेजवर.

शुक्रवारी, १६ तारखेला, दुपारी चारच्या सुमारास राजेंद्र मोबाईल कानाला लावूनच चैतालीच्या टेबलाशी आला. फोन संपवून म्हणाला, "बाणेर तापलंय."

"आता काय?"

"आयफोनवर बंगल्याच्या नावावर लाल काहीतरी चढलंय. मळवट भरल्यासारखं दिसतंय म्हणाले."

"माझ्याकडे नीट दिसतंय, सर."

"तुझ्याकडे दिसून काय करू? ते आयफोनवर बघतात."

कंपनीत सगळ्यांचे फोन अँड्रॉइड. तपासायला एक जुना आयफोन खणात ठेवलेला असे. काच तडकलेली, बॅटरी टिकत नसे. त्याला दोघी 'आबा' म्हणत.

"प्रेरणा, आबा उठलेत का?"

"सव्वीस टक्के. लवकर दर्शन घे, नाहीतर परत झोपतील."

आबांवर पेज उघडल्यावर चूक दिसली. चैतालीच्या कॉम्प्युटरवर, क्रोममध्ये, पट्टी वर आणि बंगल्याचे नाव तिच्याखाली असे होते. आयफोनच्या सफारीत पट्टी खाली घसरून नावावर बसली होती. अक्षरांवर अक्षरे चढल्यामुळे ना नाव वाचता येत होते, ना सूचना. एकच पेज दोन ब्राउझर वेगवेगळे मांडतात, हे या धंद्यात रोजचे आहे. चैतालीने आधी पट्टीची उंची पक्की केली, मग थरांचा क्रम बदलला. दोन्हींनी फरक पडला नाही. तिसऱ्या प्रयत्नात तिने नावामागच्या फोटोची हालचाल बंद केली. हा फोटो हळूहळू मोठा होत जाई. हालचाल बंद होताच पट्टी आपल्या जागी गेली.

"सापडलं," ती म्हणाली. "फोटो स्थिर ठेवला की झालं."

राजेंद्र वाकून बघत होता. "फोटो हलायचा थांबला?"

"हो."

"मग नको. त्या हलत्या फोटोसाठी तर त्यांनी आपल्याला धरलंय. ड्रोनवाला आणला होता त्यांनी."

"सर, मग नीट करायला दोन-तीन तास लागतील. सगळं वरचं मांडायला लागेल परत."

"दोन-तीन तास कुठनं आणू? उद्या पाहुणे येतायत, त्याआधी दिसायला पाहिजे. आयफोनपुरती पट्टी लपव. सोमवारी निवांत कर."

"सूचना असते त्यात."

"गोरखभाऊंचं काय असणार? पाणी जपून वापरा."

स्टाइलशीट म्हणजे पेज कसे दिसावे हे सांगणारी फाइल. तिच्यात अशी अट घालता येते की जी फक्त आयफोनचा ब्राउझर समजतो आणि बाकीचे सोडून देतात. चैतालीने ती अट घालून पट्टी दिसू नये असे लिहिले. वर एक टीप टाकली, जी कोणताच ब्राउझर वाचत नाही आणि पाहुण्यांना दिसत नाही: 'आयफोनवर पट्टी नावावर चढते. तात्पुरती लपवली. सोमवारी नीट करणे.' वेळ चार बावन्न. आयफोनवर कोणी क्रोम घेतले तरी त्याच्या आत इंजिन सफारीचेच असते. त्यामुळे त्या क्षणापासून एकाही आयफोनवर पट्टी राहिली नाही.

पाच वाजता गौरव यांचा मेसेज आला. 'आता परफेक्ट.' सोबत अंगठा.

पट्टीतला मजकूर आपण वाचला होता का, यावर चैतालीचे उत्तर एकदा बदलले आहे. आधी प्रेरणाला ती म्हणाली की काम नमुन्याच्या मजकुरावर केले, खरा मजकूर पाहिला नाही. नंतर लेखी जबाबात तिने लिहिले की आयफोन हातात घेण्याआधी क्रोममध्ये पेज उघडले होते आणि तेव्हा 'गिझर' हा शब्द वाचला होता.

शनिवारी पाऊणच्या सुमारास ठाण्याहून चौघे आले. गोरखने किल्ली दिली आणि तो मागे गेला. दारावरचा कोड एकट्या सृष्टीने टिपला, आपल्या आयफोनवर. एक वाजून बारा मिनिटांनी तिने पेजचा स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकला, कारण त्यात वायफायचा पासवर्ड होता. खाली लिहिले, 'घ्या भिकाऱ्यांनो.' त्यानंतर बाकीच्या तिघांनी पेज उघडले नाही. स्क्रीनशॉटमध्ये बंगल्याचे नाव स्वच्छ दिसते. लाल काही नाही.

रविवारी सकाळी पुढच्या बाथरूममध्ये कोणीतरी होते. थांबायचे नाही म्हणून ती मागे गेली.

गाडी रुग्णालयाकडे निघाल्यावर बंगल्यावर गोरख आणि भागुबाई दोघेच उरले. त्याने मोबाईल काढला आणि आपण लिहिलेले तिथे आहे की नाही ते पाहायला फॉर्म उघडला. मजकूर तिथेच होता. मग त्याने 'जतन करा' दाबले. फॉर्म मिटवायचा म्हणजे ते बटण दाबायचे, अशी ऑक्टोबरात फॉर्म शिकल्यापासून त्याची समजूत होती. सूचना नुसती वाचायला उघडली तरी तो जाताना ते दाबत असे. फॉर्म शेवटच्या एकाच वेळेची नोंद ठेवी आणि आधीची पुसून टाकी. तो चैतालीने तसा बांधला होता. गुरुवारची वेळ गेली, रविवार आठ वाजून बारा मिनिटे ही आली.

सव्वाअकराला पंचनामा झाला. हवालदाराच्या अँड्रॉइड फोनवर पेज उघडले, त्यावर लाल पट्टी ठळक होती. तिचे फोटो काढले गेले. संध्याकाळी सृष्टीचा भाऊ आदिनाथ ठाण्याहून आला आणि त्याने शनिवारचा स्क्रीनशॉट दाखवला. गौरव यांनी सांगितले की शनिवारी सकाळी आपण स्वतः पेज पाहिले होते, पट्टी नव्हती. ते खोटे बोलत नव्हते. मग शेवटच्या बदलाची वेळ काढली गेली.

शनिवारी सूचना नाही. दार उचकटल्यावर अर्ध्या तासाने गोरख फॉर्म उघडतो. सव्वाअकराला सूचना आहे. तपास अधिकाऱ्यांना आणखी काही विचारण्याची गरज वाटली नाही.

सोमवारी चैताली कामावर आली तेव्हा राजेंद्र दारात उभा होता. त्याने बातमी आधी वाचली होती.

"ती ओळ काढ."

"सर, ती ओळ—"

"काढ. पट्टी सगळीकडे दिसली पाहिजे. लोकांच्या भल्याचंच सांगतोय ना?"

"फोटोचं काय करू?"

"फोटो गेला खड्ड्यात."

तिने हालचाल बंद केली, अट आणि टीप काढली. दहा वाजून पन्नास मिनिटांनी पेज दुरुस्त झाले. एकूण अकरा मिनिटे लागली. दुपारी राजेंद्रने कंपनीच्या खात्यातला जुन्या बदलांचा सगळा इतिहास पुसला. सर्व्हरवर जुनी फाइल राहिली नाही. चैतालीच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये एक पूर्ण प्रत होती. ती राजेंद्रच्या लक्षात आली होती की नाही, हे कळलेले नाही.

मंगळवारी गोरखला अटक झाल्याचे प्रेरणाने वाचून दाखवले. त्यानंतर आठवडाभर चैताली रोज कामावर आली.

२७ तारखेला सकाळी अकराला भागुबाई कंपनीत आली. ऑक्टोबरात दारावर कोड चिकटवायला आणि गोरखला फॉर्म शिकवायला चैताली बंगल्यावर गेली होती, तेव्हा भागुबाईने तिला जेवू घातले होते. राजेंद्र बाहेर गेलेला होता. प्रेरणाने खुर्ची दिली. भागुबाई टेकली नाही.

"तूच शिकिवलंस ना गं त्यास्नी?"

"हो, मावशी."

"मंग तुला ठावं आसंल. बेस्तरवारी लिवलं त्यांनी. माज्यासमूर. एकेक अक्षर इचारत व्हते, धोका कसा लिवायचा. मी म्हनलं मला काय इचारता, मी काय शाळंत गेलते?"

चैतालीने मान हलवली.

"पोलीस म्हनत्यात रविवारी लिवलं. तुज्या मशिनीत बेस्तरवारचं न्हाई का?"

"नाही मावशी. त्यात शेवटचं तेवढंच राहतं."

"आसं का केलं?"

"तेव्हा वाटलं, पुरेसं आहे."

भागुबाई म्हणाली, "वकील म्हनतो, गुन्हा कबूल केला तर लवकर सुटत्याल. हे म्हनत्यात, म्या लिवलं व्हतं तर कबूल काय करू? लय हट्टी मानूस. सेल काडाया पायजे व्हते, ते मी पन म्हनते. पन खोटं न्हाई केलं त्यांनी."

"मला माहितीये," चैताली म्हणाली.

"तुला कसं म्हाईत?"

चैतालीने सांगितले. शुक्रवारी काय केले, कोणी सांगितले, सोमवारी काय काढले. सोपे करून सांगायला तिला बराच वेळ लागला. भागुबाईने मध्ये एकदाच विचारले, "म्हंजी लिवल्यालं व्हतं, पन तिला दिसलं न्हाई?"

"नाही दिसलं."

"आन तू आट दीस हितंच बसली व्हतीस."

प्रेरणा उठून पाणी आणायला गेली. ती परत येईपर्यंत भागुबाई जिना उतरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चैताली लॅपटॉप घेऊन पोलीस ठाण्यात गेली. बाहेरच्या बाकावर आदिनाथ बसला होता. बहिणीचा मोबाईल परत मिळेल का हे विचारायला तो आला होता. मांडीवर स्क्रीनशॉटची रंगीत छापील प्रत होती.

"तुम्ही त्या गोरखच्या कोण?" तिने हवालदाराला गोरखचे नाव सांगितलेले ऐकून त्याने विचारले.

"कोणी नाही. ते पेज मी केलंय."

त्याने कागद पुढे केला. "मग सांगा. इथे पट्टी आहे?"

"नाही."

"बस. तेवढंच सांगा आत."

"पट्टी होती पण. गुरुवारपासून होती. आयफोनवर दिसू नये असं मी शुक्रवारी लिहिलं होतं."

आदिनाथने कागदाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "हा स्क्रीनशॉट खोटा आहे म्हणताय?"

"नाही. तो खरा आहे. त्यांनी लिहिलेलंही खरं आहे."

"दोन्ही कसं खरं असेल?"

तिने आपला फोन काढला, त्यात दोन चित्रे होती. लॅपटॉपमधल्या जुन्या प्रतीवरून तिने पेज पुन्हा उभे केले होते, एकदा अँड्रॉइड फोनच्या क्रोममध्ये, एकदा जुन्या आयफोनवर. आदिनाथने दोन्ही पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना त्याने पट्टीतला मजकूर ओठांतल्या ओठांत वाचला.

"हे तिला दिसलं असतं," तो म्हणाला, "तर ती गेली नसती. ती घाबरट होती."

त्याने कागदाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

आत तपास अधिकाऱ्यांनी तिचे ऐकून घेतले. तिने फोन टेबलावर ठेवून दोन्ही चित्रे दाखवली.

"मॅडम, एक काहीतरी सांगा. पट्टी दिसत होती की नव्हती?"

"ह्या फोनवर दिसत होती. त्या फोनवर नव्हती."

"एकच पेज?"

"हो."

"मग आज मी आयफोनवर उघडलं तर?"

"आज दिसेल. १९ तारखेला मी ते काढलं."

"म्हणजे पुरावा तुम्हीच काढलात."

"हो."

"आणि लावलेलाही तुम्हीच."

"हो. पण टीप शुक्रवारची आहे. पट्टी नसती तर मी लपवली काय असती?"

अधिकारी हवालदाराकडे वळले. "हे घे लिहून. जसं बोलतायत तसं लिही, आपण सुधारायला जायचं नाही."

जबाब सव्वाचार पाने झाला. लॅपटॉप जप्त करून सीलबंद करण्यात आला. तिने पासवर्ड वेगळ्या कागदावर लिहून दिला. कॉम्प्युटरमधली तारीख मागेपुढे करता येते, त्यामुळे शुक्रवारची नोंद शुक्रवारीच झाली होती का हे प्रयोगशाळा सांगेल, असे तिला सांगण्यात आले. गौरव यांच्या 'आता परफेक्ट' या मेसेजची वेळ जुळते, हे तिने जबाबात लिहिले आहे. तो मेसेज तिच्या फोनवर नाही. तो राजेंद्रच्या फोनवर आला होता.

त्याच संध्याकाळी राजेंद्रने तिला कामावरून कमी केले आणि कंपनीचा लॅपटॉप परवानगीशिवाय नेल्याची तक्रार दिली. असा कोणताही मेसेज आपल्याकडे नाही, असे त्याने पोलिसांना सांगितले आहे. पट्टीबद्दल आपण कोणाला काही सांगितल्याचे आठवत नाही, असे गौरव यांचे म्हणणे आहे. प्रेरणाचा जबाब अजून घेतलेला नाही. ती नोकरीवर आहे.

६ फेब्रुवारीला गोरखच्या जामिनाचा अर्ज सुनावणीला आला. नव्या जबाबाची पडताळणी व्हायची आहे, असे सांगून सरकारी वकिलांनी वेळ मागितला. गोरखच्या वकिलांनी विरोध केला. न्यायालयाने २० तारखेपर्यंत वेळ दिला. आदिनाथ हजर होता. जामिनाला तुमची हरकत आहे का, असे त्याला विचारले गेले. तो म्हणाला, सध्या काही सांगता येत नाही.

लॅपटॉप ११ तारखेला प्रयोगशाळेकडे रवाना झाला. १७ तारखेला तिथून पोलीस ठाण्यात पत्र आले, की पाकिटात पासवर्डचा कागद नाही. १८ तारखेला चैतालीला फोन करून पासवर्ड पुन्हा लेखी द्यायला सांगितले आणि त्याच दुपारी तिने तो दिला. २० तारखेला सुनावणी झाली नाही. पुढची तारीख ६ मार्च आहे. गोरख येरवड्यात आहे.